पहिलं जुनं मोटरहोम घेताना: आधी पाणी कुठे मुरलंय ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको आणि दोन मुलं, एक सहा वर्षांचं, एक नऊ वर्षांचं. मोटरहोम, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेलं वाहन, याआधी कधी चालवलेलं नाही. नवं परवडत नाही, म्हणून जुनं बघताय, आणि दोन गाड्या मनात भरल्या आहेत. पहिली वीस वर्षांची, सहा जण झोपतील अशी, ड्रायव्हरच्या डोक्यावर मोठा बेड, किलोमीटर अगदी कमी, आतून लखलखीत. दुसरी अकरा वर्षांची, चार जणांची, मागे मुलांसाठी दुमजली बंक, पण पहिलीच्या तिप्पट किलोमीटर चाललेली आणि आतलं कापड मळलेलं. किंमत दोन्हींची साधारण सारखी. कोणती घ्यावी, आणि बघायला गेल्यावर नेमकं काय बघावं?

जुनी मोटरहोम तपासून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. बहुतेक कुटुंबं आधी आतली सजावट बघतात, मग किलोमीटर, मग बेड किती ते मोजतात, आणि छताकडे लक्ष जातं ते शेवटी, तेही वेळ उरला तर. हा क्रम उलटा करा. जे नंतर बदलता येत नाही ते आधी बघायचं. गाद्यांचं कापड बदलता येतं, फ्रिज बदलता येतो, टायर आणि बॅटरी तर कधी ना कधी बदलाव्याच लागतात. पण आसनांचे पट्टे, वजन पेलण्याची मर्यादा आणि भिंतीत शिरलेलं पाणी, या तीन गोष्टी पैसे ओतूनही सहसा धड होत नाहीत. या तिन्हीत गाडी पास झाली तरच बाकीच्या तपासणीत वेळ घालवा.

सुरुवात पट्ट्यांपासून करू, कारण मुलं तुमची आहेत. जाहिरातीत ‘सहा जणांची गाडी’ असं लिहिलेलं असतं तेव्हा सहा जण झोपतील एवढाच त्याचा अर्थ असतो. सहा जण सुरक्षित बसून प्रवास करतील असं त्यात कुठेच म्हटलेलं नसतं. नोंदणीच्या कागदावर आसनं किती लिहिली आहेत ते बघा, आणि मग गाडीत जाऊन प्रत्येक आसनाचा पट्टा हाताने ओढून बघा. युरोपात ऑक्टोबर 2007 पासून नोंदल्या जाणाऱ्या नव्या मोटरहोममध्ये प्रवासासाठी नेमलेल्या आसनांना पट्टे बंधनकारक झाले. त्याआधीच्या गाड्यांमध्ये मागच्या बैठकीला पट्टेच नाहीत, किंवा फक्त कमरेचे आहेत, असं सर्रास आढळतं. तुमची पहिली गाडी वीस वर्षांची आहे म्हटल्यावर माझा पहिला प्रश्न हाच असेल.

पट्टा आहे एवढ्यावरही थांबू नका. टेबलाजवळच्या बैठकीची गादी उचला, खालची फळी काढा आणि टॉर्च मारून पट्ट्याचा बोल्ट कुठे जातो ते बघा. तो लोखंडी चौकटीत जायला हवा, आणि ती चौकट जमिनीतून खाली गाडीच्या सांगाड्याला पकडलेली हवी. बोल्ट प्लायवूडच्या खोक्यात, मोठा वॉशर लावून बसवलेला दिसला, तर तो पट्टा कुणीतरी नंतर हौसेने लावला आहे. जोरात धडक बसली की तो खोक्यासकट उखडून येतो. नवी चौकट बसवून घेता येते का, असं लोक विचारतात. कधी कधी येते, पण त्याच जागी बहुतेक वेळा पाण्याची टाकी किंवा हीटर असतो, आणि काम झाल्यावर ते प्रमाणित करून घ्यावं लागतं. पहिल्याच गाडीसाठी या भानगडीत पडू नका.

तुमच्या दोन्ही मुलांना अजून उंची वाढवणारी सीट लागणार, निदान धाकट्याला तर नक्कीच. अशा सीटला खांद्यावरून येणारा तीन बिंदूंचा पट्टा लागतो. नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर ती वापरता येत नाही. म्हणून गाडी बघायला जाताना मुलांच्या सीट सोबत न्या आणि प्रत्यक्ष बसवून बघा. मोटरहोमच्या बैठकीची खोली कमी असते, मागची पाठ सरळसोट असते, आणि बकल गादीत इतकं खोल बुडालेलं असतं की सीट बसल्यावर ते लागतच नाही, असंही घडतं. आडव्या, म्हणजे खिडकीकडे पाठ करून बसायच्या बाकावर मुलाला बसवायचं नाही, त्याला पट्टा असला तरी. आणि गाडी चालू असताना बेडवर तर कुणीच झोपायचं नाही. लांबच्या प्रवासात मुलं ‘आम्ही मागे लोळतो’ म्हणून हट्ट करणार हे गृहीत धरा आणि पहिल्या दिवसापासून नकार द्या.

आता वजन. हा विषय कुणाला आवडत नाही, आणि विकणारा तो स्वतःहून काढत नाही. कंपनीने गाडीवर लावलेल्या माहितीच्या प्लेटवर (नंबर प्लेटवर नव्हे) कमाल परवानगीचं वजन लिहिलेलं असतं. त्यातून गाडीचं तयार अवस्थेतलं, म्हणजे सामान भरण्याआधी निघायला सज्ज असतानाचं, वजन वजा केलं की तुमच्या वाट्याला काय उरतं ते कळतं. युरोपातल्या कित्येक गाड्यांचं कमाल वजन 3,500 किलो असतं, कारण तिथल्या साध्या कारच्या परवान्याची पारंपरिक मर्यादा तीच आहे. समजा कागदावर तयार वजन 2,950 आहे. उरले 550 किलो, ऐकायला भरपूर वाटतात. ड्रायव्हरचे 75 किलो त्या 2,950 मध्ये आधीच धरलेले असतात. दुसरं मोठं माणूस आणि दोन मुलं मिळून 140. उरले 410. बाहेरची छत्री, म्हणजे ऑनिंग, 30 किलो, दुसरी लेड-ॲसिड बॅटरी 25, मागचा सायकल कॅरिअर आणि चार सायकली मिळून 70. उरले 285. शंभर लिटरची टाकी पूर्ण भरली आणि कागदावरच्या वजनात ती धरलेली नसली, तर आणखी 100 गेले. 185 किलोत आता कपडे, अंथरुणं, भांडी, किराणा, टेबल-खुर्च्या, हत्यारं, वायरी, पाण्याचा पाइप आणि मुलांची खेळणी बसवायची आहेत. चौघांच्या सामानात ते कधी संपतात कळत नाही.

त्यातही मागच्या ॲक्सलची, म्हणजे मागच्या चाकांच्या आसाची, गोष्ट वेगळी. दोन ॲक्सलमधलं अंतर चार मीटर आणि सायकली मागच्या चाकांच्या दोन मीटर मागे टांगलेल्या असतील, तर सत्तर किलोच्या सायकली मागच्या ॲक्सलवर 105 किलोचा भार टाकतात आणि पुढची चाकं 35 किलोने हलकी करतात. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीत याचा अर्थ ओल्या चढावर चाकं जागच्या जागी फिरणार. म्हणून एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा ॲक्सल मर्यादेबाहेर असू शकतो. कागदावर विसंबू नका. मालक तयार असेल तर गाडी वजनकाट्यावर न्या. आधी नुसती पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग नुसती मागची चाकं, अशी तीन वजनं घ्या. ऑनिंग, सोलर पॅनल, टीव्ही, जादा बॅटरी अशा नंतर बसवलेल्या गोष्टी कागदावरच्या वजनात नसतात, आणि जुन्या गाडीत त्या हमखास असतात. मालकाला त्या भूषण वाटतात, तुमच्या हिशोबात मात्र त्या वजाबाकीत जातात.

सहा बेडच्या गाडीत गंमत अशी की बेड वाढले म्हणून वजनाची मर्यादा वाढत नाही. सहा माणसं बसवली की सामानाला जागा असते, परवानगी नसते.

आणि आता पाणी. मोटरहोम मोडीत निघतं ते बहुतेक वेळा इंजिनामुळे नाही, ओलीमुळे. पारंपरिक बांधणीच्या भिंतीत लाकडी पट्ट्यांचा सांगाडा असतो, मध्ये फोम, आतून पातळ प्लायवूड आणि बाहेरून ॲल्युमिनियम किंवा फायबरचा पत्रा. कोपऱ्यांवर, खिडक्यांभोवती, छताच्या झरोक्यांभोवती हे सगळं सीलंटने बंद केलेलं असतं. गाडी रस्त्यावर सतत पिळवटते, उन्हात तापते, थंडीत आकसते, आणि वर्षांमागून वर्षं गेली की सीलंट कडक होऊन भेगाळतं. भेग केसाएवढी असली तरी प्रत्येक पावसात त्यातून थोडं पाणी आत जातं, लाकडातून हळूहळू पसरतं, आणि जिथून शिरलं तिथून हातभर लांब कुठेतरी डाग होऊन दिसतं. डाग दिसेपर्यंत आतलं लाकूड भुसा झालेलं असू शकतं.

म्हणून गाडी बघायला शक्यतो पाऊस पडून गेल्यावर जा. सलग कोरड्या हवेत बघितलेली गाडी अर्धीच बघितलेली असते. दार उघडल्याबरोबर पहिला श्वास नाकाने घ्या, बोलायला लागण्याआधी. बंद तळघरासारखा कुबट वास आला तर तो खरा माना. सुगंधी फवाऱ्याचा दणदणीत वास आला तर तो कशासाठी मारला असेल याचा विचार करा, आणि सगळी कपाटं उघडून, दहा मिनिटं बंद करून, पुन्हा उघडून आत नाक घाला. कपाटातला वास लपत नाही.

मग बाहेर या. गाडीच्या एका कोपऱ्याशी गालफड लावल्यासारखे उभे राहा आणि भिंतीच्या लांबीवर तिरकी नजर टाका. ऊन तिरपं असेल तर उत्तम. समोरून सपाट दिसणारी भिंत तिरकी बघितली की त्यावरचे फुगवटे आणि लाटा दिसतात. पत्रा आतल्या थरापासून सुटला की असं होतं, आणि त्याचं मुख्य कारण पाणीच. हाताच्या बोटांनी टकटक करत पुढे सरका. घट्ट चिकटलेल्या जागी आवाज भरीव येतो, सुटलेल्या जागी पोकळ. शिडी मागून घ्या आणि छत स्वतः बघा, पण छतावर उभं राहू नका, ते तेवढं भार पेलेल याची खात्री नसते. झरोक्याभोवती, सोलर पॅनलच्या पायांभोवती, अँटेनाभोवती नुकतंच थापलेलं पांढरंशुभ्र सीलंट दिसलं तर विचारा: हे कधी केलं, का केलं, आणि त्याआधी आत पाणी किती दिवस जात होतं? जुन्यावर नवं थापलं की गळती कदाचित थांबते, पण आत शिरलेलं पाणी आता आतच कोंडलं जातं.

डोक्यावरच्या बेडची गाडी असेल, तुमची पहिली तशी आहे, तर तिथे जास्तीत जास्त वेळ द्या. समोरून येणारा वारा आणि पाऊस त्या भागावर थेट आपटतो. वर चढा, गादी पूर्ण बाजूला करा आणि पुढच्या दोन्ही खालच्या कोपऱ्यांपाशी टॉर्च आडवा धरा. भिंतीचा कागद तिथे सुरकुतलेला आहे का? कोपऱ्याची प्लास्टिकची पट्टी नंतर चिकटवलेली वाटते का? स्क्रूची डोकी गंजून त्यांच्याखाली तपकिरी ओघळ उतरलेत का? मग अंगठ्याने जोर देऊन दाबत जा, दर चार बोटांवर एकदा. निरोगी प्लायवूड अंगठ्याला दाद देत नाही. ओल लागलेलं किंचित आत जातं आणि सोडल्यावर सावकाश परत येतं. पार कुजलेलं परत येतच नाही, कागदाखाली खड्डा राहतो. गादीच्या खालच्या बाजूला काळे ठिपके असतील तर ते नुसत्या श्वासाच्या वाफेनेही येतात, तेवढ्यावरून निकाल देऊ नका. पण ठिपके आणि मऊ कोपरा एकत्र भेटले तर गाडीतून खाली उतरा, मालकाचे आभार माना आणि घरी जा.

ओल मोजायचं मीटर विकत घ्या किंवा कुणाचं तरी मागून आणा. लाकडासाठीच्या मीटरवर 15 टक्क्यांपर्यंत आकडा आला तर सहसा काळजी नसते. 15 ते 20 असेल तर त्या जागेवर लक्ष ठेवायचं आणि कारण शोधायचं. 20 च्या वर गेला तर पाणी कुठून येतंय ते सापडल्याशिवाय पुढे बोलायचं नाही. 30 च्या आसपास असेल तर आतलं लाकूड गेलं आहे असंच धरून चाला. एका जागेच्या आकड्याला अर्थ नसतो. डाव्या भिंतीचा खालचा कोपरा आणि उजव्या भिंतीचा तोच कोपरा अशी जोडीजोडीने तुलना करा, एकच बाजू चढी आली तर तिकडे गळती आहे. मीटर आतल्या धातूच्या पट्टीवर किंवा वायरीवर ठेवलं गेलं तर खोटा आकडा देतं, म्हणून दोन-तीन इंच सरकवून पुन्हा घ्या. खिडक्यांचे खालचे कोपरे, झरोक्यांच्या चौकटी, मागच्या दिव्यांच्या आतली बाजू, चाकांच्या कमानींवरची कपाटं, शॉवरचा तळ, दाराच्या उंबऱ्याजवळची जमीन, एवढ्या जागा सोडू नका. जमिनीवर बूट काढून चाला. पायाखाली उसळी किंवा करकर जाणवली तर त्या जागी जमिनीचे थर सुटले आहेत. शॉवरच्या तळाला बारीक तडा असेल तर त्याखाली काय झालं असेल ते बाहेरून कळत नाही.

काही मालकांकडे दरवर्षीच्या ओल-तपासणीचे कागद असतात. असा कागदांचा गठ्ठा मला नव्या पडद्यांपेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो, कारण आकडे वर्षागणिक स्थिर आहेत की चढताहेत ते त्यात दिसतं. ‘थोडी ओल आहे, आम्ही किंमत कमी करतो’ असं म्हणणाऱ्याशी पहिल्या गाडीसाठी सौदा करू नका. दुरुस्तीचा खर्च आतली भिंत उघडल्यावरच कळतो, आणि उघडण्याआधी कुणीही सांगितलेला आकडा अंदाजाच्या पलीकडचा नसतो.

इथवर गाडी टिकली तर मग इंजिन. हा भाग लोक समजतात तितका भीतीदायक नाही. फियाट डुकाटो, मर्सिडीज स्प्रिंटर, फोर्ड ट्रान्झिट अशा मालवाहू व्हॅनच्या सांगाड्यांवर कित्येक मोटरहोम उभी असतात. त्यांचे भाग मिळतात आणि मेकॅनिकला त्या ओळखीच्या असतात. कमी किलोमीटरवर भाळू नका. वर्षातून दोन आठवडे चालणारी आणि बाकी वेळ एका जागी उभी असणारी गाडी म्हातारी लवकर होते. ब्रेकच्या डिस्क गंजतात, कॅलिपर अडकतात, सील वाळतात. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे आतले भाग एका ताळमेळात फिरवणारा पट्टा, किलोमीटरइतकाच वयानेही बदलायचा असतो, आणि वीस वर्षांत तीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचा मालक बहुधा म्हणतो की ‘अजून वेळ आली नाही’. वेळ केव्हाच आलेली असते. बदलल्याची पावती नसेल तर बदलला नाही असं समजून तो खर्च किमतीतून वजा करायला सांगा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, ते दोन वर्षांनी बदलायचा रिवाज आहे.

टायर नुसते खोल नक्षी बघून पास करू नका. बाजूच्या भिंतीवर DOT या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात. 2319 म्हणजे 2019 च्या 23 व्या आठवड्यात बनलेला टायर. मोटरहोमचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, कारण ते महिनोन्‌महिने पूर्ण भाराखाली एका जागी उभे असतात. सहा-सात वर्षांनंतर बदलायची तयारी ठेवा, दहाच्या पुढे तर चालवूच नका, नक्षी कितीही नवीकोरी दिसो. आतल्या बाजूच्या भिंतीवरच्या भेगा बघायला आडवं व्हावं लागतं, व्हा.

मालकाला आधीच सांगून ठेवा की इंजिन थंड हवं. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघा. थंड इंजिन पहिल्या प्रयत्नात सुरू होणं आणि धूर लगेच निवळणं, यात बरंच काही कळतं. चालवताना निदान अर्धा तास चालवा आणि त्यात वेगाचा रस्ता, चढ आणि उलटा गिअर तिन्ही येऊ द्या. चढावर सावकाश मागे घेताना क्लच थडथडतो का ते बघा. मागची कपाटं आणि दारं वाजणारच, त्याकडे दुर्लक्ष करा. पण ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढली जाते का, वेग वाढल्यावर स्टिअरिंग भटकतं का, हे ज्याने रोजची कार चालवली आहे त्याला लगेच जाणवतं. तुम्ही दोघंही चालवा. एकालाच चालवता येणारं मोटरहोम कुटुंबाच्या सहलीचं ओझं होतं.

आतल्या यंत्रणांपैकी गॅसकडे सगळ्यात गंभीरपणे बघा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो, म्हणून गॅसच्या कप्प्याच्या तळाला आणि गाडीच्या जमिनीत मुद्दाम झरोके ठेवलेले असतात. थंडी येते म्हणून ते बंद केलेले आढळले तर त्या मालकाने बाकी काय काय केलं असेल याची शंका घ्या. रबरी नळीवर साल छापलेलं असतं, रेग्युलेटरवरही असतं. शेगडी, हीटर आणि गरम पाणी, तिन्ही पेटवून बघा, ज्योत निळी हवी. कडाक्याच्या थंडीत हीटर पेटला नाही तर सिलिंडरमध्ये काय आहे ते विचारा. ब्युटेन शून्याच्या खाली वायू होणं जवळपास थांबवतं, प्रोपेन उणे 42 अंशांपर्यंत वायू होतो. कित्येकदा दोष हीटरचा नसतो, सिलिंडरचा असतो. घेतल्यावर मात्र, मालकाने काहीही सांगितलेलं असो, जाणकाराकडून दाबाची गळती-चाचणी करून घेतल्याशिवाय आत एक रात्रही झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नवा घ्या. जुन्याची मुदत पाच ते दहा वर्षांत संपते, आणि बटण दाबल्यावर तो वाजला म्हणजे आतला सेन्सर जिवंत आहे असं होत नाही.

फ्रिज बहुधा गॅस, 12 व्होल्ट आणि घरगुती वीज अशा तिन्हींवर चालणारा असतो. त्याला थंड व्हायला कित्येक तास लागतात, म्हणून मालकाला आदल्या रात्रीच चालू करून ठेवायला सांगा, आणि तुमच्यासमोर तो गॅसवर पेटवायला लावा. मागच्या जाळीशी अमोनियाचा उग्र वास किंवा पिवळट पावडर दिसली तर तो फ्रिज संपला. पाण्याचा पंप चालू करून सगळे नळ बंद करा आणि शांत उभे राहा. दाब भरल्यावर पंप गप्प झाला पाहिजे. थोड्या थोड्या वेळाने तो आपोआप गुरगुरत असेल तर कुठेतरी गळतंय, बहुधा थंडीत गोठून फुटलेल्या जोडापाशी किंवा गरम पाण्याच्या टाकीपाशी. आतले दिवे-पंप चालवणाऱ्या बॅटरीचं व्होल्टेज चार्जर काढून काही तासांनी मोजा. भरलेली लेड-ॲसिड बॅटरी 12.6 ते 12.7 दाखवते. 12.0 च्या आसपास असेल तर ती अर्ध्याहून खाली आहे. पण बॅटरीवरून गाडी नाकारू नका, ती बदलण्याची वस्तू आहे.

मांडणीबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगतो. चौघंही गाडीत बसा, दार लावा आणि पावसाळी संध्याकाळ असल्यासारखा अर्धा तास काढा. एकजण शेगडीपाशी, एकजण टॉयलेटमध्ये, मुलं टेबलावर. मग मुलांना झोपवायचं ठरवा. ज्या गाडीत त्यासाठी टेबल खाली करून, गाद्यांचं कोडं जुळवून बेड करावा लागतो, तिथे मुलं झोपल्यावर तुम्हा दोघांना बसायला जागाच उरत नाही. रोज रात्री आणि रोज सकाळी तेच. कायमचा बंक असलेल्या गाडीत मुलं नऊ वाजता पडदा ओढून झोपतात आणि तुमची संध्याकाळ तुमची राहते. मात्र बंकची लांबी मोजा. नऊ वर्षांचं मूल बघता बघता वाढतं, आणि काही बंक जेमतेम पावणेदोन मीटरचे असतात. वजनाची मर्यादाही बंकवर लिहिलेली असते. वरच्या बंकला कठडा हवाच. शक्य असेल तर अशाच मांडणीची गाडी दोन-तीन दिवस भाड्याने घेऊन बघा, त्यातून जे कळतं ते कुणाच्याही सल्ल्यातून कळत नाही.

कागदपत्रांत 17 अक्षर-अंकांचा चॅसी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवा, कर्जाचा बोजा उतरला आहे का ते तपासा, आणि सांगाडा कोणत्या सालचा ते वेगळं विचारा. व्हॅन एका साली बनते आणि तिच्यावर घर पुढच्या साली चढतं, असं नेहमीच होतं, त्यामुळे टायमिंग बेल्टचं वय नोंदणीच्या सालावरून मोजलं तर चुकतं. तुमच्या परवान्यावर किती वजनाची गाडी चालवता येते आणि विमा कंपनी ती कुठे उभी करायला सांगते, हे पैसे देण्याआधी विचारा.

आता तुमच्या दोन गाड्या. तुम्ही सांगितलं तेवढ्यावरून मी दुसऱ्या गाडीकडे जाईन. अकरा वर्षांच्या गाडीत मागच्या आसनांना योग्य पट्टे असण्याची शक्यता खूप जास्त आहे, मुलांचे बंक कायमचे आहेत, आणि नियमित चाललेलं डिझेल इंजिन सर्व्हिसच्या पावत्यांसकट असेल तर मला त्याच्या किलोमीटरची धास्ती नाही. मळलेलं कापड तर तुमच्या बाजूने बोलतं: ते लोकांना दूर ठेवतं आणि भाव खाली आणतं. पहिली गाडी लखलखीत का आहे हे मला आधी कळायला हवं. तिचा डोक्यावरचा बेड पूर्ण कोरडा निघाला, मागची आसनं तीन बिंदूंच्या पट्ट्यांची निघाली आणि टायमिंग बेल्टची पावती निघाली, तर ती नाकारायचं कारण नाही. पण या तिन्ही गोष्टी एकाच वीस वर्षांच्या गाडीत क्वचित भेटतात. दुसरीतही ओल 20 च्या वर निघाली, तर माझं मत तिलाही लागू नाही. दोन्ही सोडा आणि तिसरी शोधा. हंगाम संपताना, जागा अडते म्हणून गाड्या विकायला निघतात, तेव्हा निवडही जास्त असते आणि मालकही सौद्याला तयार असतो.

बजेटमधला निदान सातवा-आठवा भाग बाजूला ठेवूनच भाव करा. पहिल्या काही महिन्यांत टायर, बॅटरी, बेल्ट, गॅसची नळी यांपैकी काहीतरी निघतंच.

दुसऱ्या गाडीच्या मालकाला आज फोन केलात तर एवढं विचारा: मागच्या आसनांना कोणते पट्टे आहेत, प्लेटवर कमाल वजन किती लिहिलं आहे, ओल शेवटची कधी मोजली आणि तो कागद आहे का. उत्तरं नीट आली तर वेळ ठरवा, फ्रिज आदल्या रात्री चालू करायला आणि इंजिन थंड ठेवायला सांगा, आणि जाताना मुलांच्या सीट, टॉर्च, ओलीचं मीटर, मोजायची टेप आणि अंथरायला जुनी चादर न्या.